साक्षीदार हाकेच्या अंतरावर होती

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा तिसरा अंक नुसत्या काळ्या पडद्यापुढं करता येतो, असं बापू म्हणाला आणि भावे नाट्यमंदिराजवळचा आमचा कट्टा तापला. बापू आमच्यातला नाटकवाला. हौशी संघासाठी त्याला तेवढा एकच अंक बसवायचाय. त्याचं म्हणणं असं की हा अंक म्हणजे दोन पुरुषांचं बोलणं. एक बोलतो, दुसरा ऐकता ऐकता बदलतो. सायप्रस असो, सांगली असो, नाहीतर मिरज जंक्शनचा फलाट असो, संशयाला गाव लागत नाही.

मला हे बिलकूल पटलं नाही. हीच माणसं व्हेनिसमध्येच राहिली असती तर तिसरा अंक झालाच नसता, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी ठासून मांडलं. आधी पहिला अंक आठवा. ऑथेल्लो व्हेनिसचा काळा सेनापती, त्यानं सिनेटर ब्राबान्शिओच्या मुलीशी, डेस्डिमोनाशी, गुपचूप लग्न केलंय. मध्यरात्री ब्राबान्शिओ ओरडत येतो, माझ्या पोरीला या काळ्यानं जादूटोणा करून पळवली म्हणतो. व्हेनिसचा ड्यूक तिथं बसलेला, आजूबाजूला सिनेटर. ऑथेल्लो काय म्हणतो? बाईला बोलवा, तिच्या बापासमोर तिला बोलू द्या. डेस्डिमोना येते, चार वाक्यांत स्वच्छ बोलते, विषय संपतो. आरोप रात्री झाला आणि निकालही त्याच रात्री लागला.

आता तिसऱ्या अंकात या. तुर्कांशी लढायला ऑथेल्लोला सायप्रस बेटावर पाठवलंय, डेस्डिमोनाही तिथं आलीय. आरोप तिच्यावरच, नवऱ्याच्या हाताखालच्या कॅसिओशी तिचं सूत आहे असा. आरोप करणारा ऑथेल्लोच्याच हाताखालचा इयागो आणि न्याय करणारा? सायप्रसचा मुख्य आता ऑथेल्लोच. त्याच्यावर कुणी नाही. आणि ‘तिला बोलवा’ म्हणणारा हाच माणूस आता तिला बोलवत नाही! ती आपणहून येते. जेवण तयार आहे, तुम्ही बोलावलेली बेटावरची मानाची माणसं वाट बघतायत, एवढं सांगायला. समोर उभी आहे. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणतो, कपाळ दुखतंय. ती रुमालानं डोकं बांधायला जाते, तो ‘लहान पडतो हा’ म्हणून बाजूला करतो, रुमाल खाली पडतो, दोघंही आत जातात. ज्या रुमालावरून पुढं तिचा जीव जाणार, तो तिनं त्याच्याच डोकेदुखीसाठी बाहेर काढलेला असतो. हे मी वाचतो तेव्हा दर वेळी पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं.

वकिलांनी चहा खाली ठेवला. ‘कायदा कमी नव्हता, माणूस कमी पडला,’ ते म्हणाले. ‘पुरावा मागितलाच की त्यानं. डोळ्यांनी दिसेल असा दे, नाहीतर तुझी खैर नाही, म्हणून इयागोची मानगूट धरली. आणि मग काय घेतलं पदरात? कॅसिओ झोपेत बरळला, हे इयागोच सांगणार. कॅसिओनं त्या रुमालानं दाढी पुसली, हेही इयागोच सांगणार. सगळा ऐकीव माल. अहो, साधी जहाजं बघा. कॅसिओ एका जहाजातून आला, डेस्डिमोना दुसऱ्या, ऑथेल्लो तिसऱ्या. आणि ती कुणाबरोबर आली? खुद्द इयागो आणि त्याची बायको एमिलिया यांच्याबरोबर! काल उतरले, रात्री मारामारी, त्यात कॅसिओची नोकरी गेली, आज सकाळी तिसरा अंक. गुन्हा घडायला वेळ कुठाय?’

‘पण त्याच अंकाच्या शेवटी कॅसिओची मैत्रीण बियांका त्याला म्हणते, आठवडा झाला तुझं तोंड दिसलं नाही,’ बापू म्हणाला. ‘एका अंकात दोन घड्याळं चालतात. बघणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण त्याचाही श्वास ऑथेल्लोबरोबर वर गेलेला असतो.’ खरंय. हे घरी बसून वाचताना दिसतं.

आप्पांची हळदीची अडत. ते एवढा वेळ भडंग खात गप्प होते. म्हणाले, ‘आमच्याकडं सौद्यात हळकुंड मोडून बघितल्याशिवाय कोण बोली लावत नाही. ह्या गड्यानं पोतं न उघडताच बोली लावली, लका.’ वकिलांनी टाळी दिली. मी नाही दिली. कारण पोतं उघडून दाखवा म्हणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, हाच तर माझा मुद्दा.

खरा धक्का ताईंनी दिला. ताई कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्या म्हणाल्या, ‘तू व्हेनिसला फार चांगलं ठरवतोयस. तिसऱ्या अंकात इयागो नवं काय आणतो? पहिल्या अंकात जाता जाता ब्राबान्शिओ म्हणाला होता, बापाला फसवलंय, तुलाही फसवेल. तेच इयागो इथं परत म्हणतो, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि ऑथेल्लो एकटा राहिल्यावर काय म्हणतो? मी काळा आहे, दरबारी लोकांसारखं गोड बोलणं मला येत नाही, वयही उतरायला लागलंय. हे त्याला सायप्रसनं नाही शिकवलं. तुर्क अंगावर आले की सेनापती, मुलीनं लग्न केलं की काळा. ड्यूकसुद्धा बापाची समजूत काढताना काय म्हणतो, जावई काळ्यापेक्षा गोराच जास्त आहे! ही व्हेनिसची सभ्यता. विष तिथलंच आहे रे.’

यावर मी जरा वेळ बोललो नाही, कारण हे खरं आहे आणि सायप्रसच्या बाजूनं बोलताना ते विसरता येत नाही. पण तेच शब्द व्हेनिसमध्ये बोलले गेले तेव्हा ऑथेल्लो हललासुद्धा नाही. तिच्या निष्ठेवर माझा जीव पैजेला लावतो म्हणाला आणि कामाला लागला. का? त्याला काम होतं. तुर्कांचं आरमार निघालं होतं, राज्याला त्याची गरज होती. सायप्रसला पोचेपर्यंत ते आरमार वादळात बुडालं. लढाई न लढता संपली. सेनापती आहे, किल्ला आहे, शिपाई आहेत आणि शत्रू नाही.

हे शेक्सपिअरनं मुद्दाम केलंय. त्यानं जिच्यावरून नाटक रचलं ती सिंथिओची इटालियन गोष्ट 1565 मध्ये छापलेली. तिच्यात युद्ध नाही, वादळ नाही. सायप्रसच्या शिबंदीची नेहमीची बदली आहे आणि समुद्र शांत आहे. इयागोच्या जागचा माणूस रुमालही स्वतःच चोरतो. आपली तीन वर्षांची पोर डेस्डिमोनाच्या कडेवर देतो, ती पोरीशी खेळते आणि हा तिच्या कमरेचा रुमाल हळूच काढून घेतो. शेक्सपिअरनं ते मूल काढलं आणि युद्ध घातलं, तेही न झालेलं युद्ध. 1604 च्या नोव्हेंबरात लंडनच्या राजवाड्यात हे नाटक झालं, तेव्हा सायप्रस तुर्कांनी घेतल्याला तीस वर्षं उलटून गेली होती. फामागुस्ता 1571 मध्येच पडलं. ज्या तटबंदीसाठी हा माणूस एवढ्या लांब आला ती पुढं टिकली नाही, हे समोर बसलेल्यांपैकी अनेकांना माहीत असणार.

आणि म्हणूनच मी बापूशी भांडलो, कारण त्यानं या अंकाचा दुसरा प्रवेश कापलाय. सहाच ओळींचा आहे, बरेच जण कापतात. ऑथेल्लो इयागोच्या हाती सिनेटसाठी पत्रं देतो, मी तटबंदीकडं जातोय म्हणतो आणि बरोबरच्या लोकांना घेऊन किल्ल्याचं काम बघायला निघतो. बस्, एवढंच. पण सबंध अंकात हा माणूस आपलं काम करताना दिसतो तो याच सहा ओळींत. बुडालेल्या शत्रूसाठी तो भिंती तपासतोय. आदल्या प्रवेशात इयागो कॅसिओला म्हणालेला असतो, मी ऑथेल्लोला जरा बाजूला काढतो. तो बाजूला गेलाय तो या भिंतींकडं. तेवढ्यात कॅसिओ डेस्डिमोनापुढं आपलं गाऱ्हाणं मांडून निघतो, ऑथेल्लो इयागोबरोबर परत येतो, लांबून कॅसिओची पाठ दिसते आणि इयागो म्हणतो, हं, हे काही मला आवडलं नाही. सुरुवात तिथून आहे. तटबंदी कापली तर ती पाठ दिसायची कशी?

आणि पुढचं ते भाषण घ्या. बायकोवरचा विश्वास उडाल्या क्षणी तो काय आठवतो? घोडे, नगारे, निशाणं, तोफा. सगळ्यांचा निरोप घेतो आणि म्हणतो, ऑथेल्लोचं काम संपलं. बापू हे भाषण प्रेमभंगाचं म्हणून बसवत होता. माझ्या मते ते रिकाम्या झालेल्या सैनिकाचं आहे. शेवटी गुडघे टेकून शपथ घेतो, इयागोही शेजारी टेकतो, ‘आता तू माझा लेफ्टनंट’ म्हणतो, तीन दिवसांत कॅसिओ संपला पाहिजे असा हुकूम देतो, तेव्हा त्याचा आवाज परत सेनापतीचा होतो. त्याला शत्रू मिळालेला असतो. तो घरातच मिळालाय, एवढंच.

बापू ऐकत होता. मग आप्पा म्हणाले, ‘आमच्या हरिपूरच्या देवलांनी 1890 ला ह्याचाच ‘झुंझारराव’ केला. आणि संशयावरच त्यांनी आख्खं हसवणारं नाटक केलंय न्हवं?’ आप्पांनी मोठी गोष्ट काढली. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव काय कमी संशयी आहे? रुमालाच्या जागी तिथं तसबीर आहे. भलत्याच हातात तसबीर दिसते आणि घरात आग लागते. पण तिथं सगळी माणसं सारखी एकमेकांच्या दारात जाऊन थडकतात, जाब विचारतात, आरडाओरडा करतात आणि शेवटी एका ठिकाणी जमून सगळं उलगडतं. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका नवऱ्याला उलट सुनावते, त्याच्यावरच संशय घेते. डेस्डिमोनाला सुनवायला जागा नाही. बाप मागं राहिला, गाव मागं राहिलं, आणि ऑथेल्लो मेहेरनजर करील यावर दिवस काढणाऱ्या छावणीत ती आहे.

‘आणि एमिलिया?’ ताई म्हणाल्या. ‘ती तर छावणीतलीच.’

खरं सांगायचं तर या अंकातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं पात्र तेच आहे. रुमाल ती उचलते, नवऱ्यानं शंभरदा मागितला म्हणून त्याला देते. कशाला हवाय, तो सांगत नाही. इथपर्यंत ठीक. पण चौथ्या प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठं पडला गं? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही बाई. मग ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, त्यातल्या जादूची भयंकर गोष्ट सांगतो, परत परत ‘रुमाल’ म्हणून ओरडतो. आणि एमिलिया सगळा वेळ तिथं उभी आहे.

‘फितूर साक्षीदार,’ वकील म्हणाले.

‘फितूर नाही,’ ताईंचा आवाज चढला. ‘नवरा ऑथेल्लोच्या हाताखाली, स्वतः डेस्डिमोनाच्या हाताखाली. खरं बोलली तर त्याच दिवशी नवऱ्याची नोकरी जाते आणि रात्री परत त्याच नवऱ्याच्या खोलीत जायचंय. व्हेनिसमध्ये माहेरी तरी निघून गेली असती.’

‘पण ऑथेल्लो गेल्यावर दोघीच उरतात,’ वकील सोडेनात. ‘तेव्हा सांगायचं. तेव्हा ती काय करते? पुरुषांची जातच तशी, आम्ही त्यांचं अन्न, पोट भरलं की ओकून टाकतात, असं बोलते. सगळ्या पुरुषांबद्दल बोलली, स्वतःच्या पुरुषाबद्दल नाही. आणि लगेच म्हणते, कॅसिओ आणि माझा नवरा आले बघा.’

बापूनं वही काढली. ‘म्हणजे त्या दोन वाक्यांच्या मधे जागा आहे,’ तो म्हणाला. ‘तिथं तिला थांबवतो.’

‘थांबव,’ ताई म्हणाल्या. ‘डेस्डिमोनाकडं तोंड करून उभी कर.’

‘किती वेळ?’

‘समोरच्या रांगेतला एखादा तरी मनातल्या मनात ‘सांग की गं’ म्हणेपर्यंत.’