पाक पुढे गेला

दिवाळीला गुहागरला गेलो की काकू मला लाडू वळायला बसवते. यंदा रवा-नारळाचे. नारळ दारचा, खवलाही मीच, आणि पाकाकडे बघायचं कामही माझंच. नेमका तेव्हाच फोन वाजला.

परातीत हात घातला तर काही वळेचना. मूठ आवळली की लाडू, उघडली की रवा.

"पाक पुढे गेलाय हो तुझा," काकू न बघताच म्हणाली.

भाची मुंबईत खगोलशास्त्र शिकते. तिला असल्या वेळीच ज्ञान सुचतं. "मामा, ग्रहांचंही असंच होतं." आधी वायू आणि धुळीचा ढग, उणे 260 अंशांच्या आसपास गारठलेला. तो स्वतःच्याच ओढीने आकसतो, मधोमध तारा घडतो, भोवती उरलेल्या मालाची चकती फिरत राहते. त्यातले कण आपसूक चिकटतात, खडे होतात आणि धोंड्याएवढे झाले की घोडं अडतं. एकमेकांवर आपटून फुटतात, नाहीतर वायूत वेग गमावून ताऱ्याकडे घसरतात. हे कोडं शास्त्रज्ञांना आजही पुरतं सुटलेलं नाही. एवढ्या शिकलेल्यांचाही पाक पुढे गेलाय म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

"आणि हा गोल कुठाय?" काकूने माझा एक लाडू उचलला. बटाटाच तो. मी म्हटलं, लघुग्रह असेच असतात, गोल व्हायला अंगात गुरुत्वाकर्षण लागतं. त्यांच्यातला सेरेस साधारण 940 किलोमीटरचा, म्हणून गोल.

"मग तेवढा वळ."

शेवटी तिनेच दुधाचा हबका मारला. रवा लगेच धरला. सूर्यापासून लांब, जिथे पाण्याचा बर्फ होतो, तिथे असाच जास्तीचा माल मिळून गुरू फुगला म्हणे. त्याच्या ओढाताणीत मंगळापलीकडचा चुरा, म्हणजे लघुग्रहांचा पट्टा, मात्र वळायचा राहिला. आमच्या परातीच्या कडेलाही तसा पट्टा होता. मी तो चमच्याने संपवत होतो.

सूर्यमालेतला 99.8 टक्क्यांहून जास्त ऐवज एकट्या सूर्याकडे आहे. आमच्याकडे तो मुंबईला पाठवायच्या डब्यात गेला.

दहाच्या पुढे पोफळींवर मृग आला. त्याच्या पोटातल्या बाणाजवळचा धुरकट ठिपका भाचीने दाखवला : 1,350 प्रकाशवर्षांवरचा ढग, त्यात अजून तारे घडताहेत. काकूला मृग म्हणजे पेरणी. तरी तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"अजून वळताहेत होय?" म्हणाली, आणि उरलेली परात माझ्यापुढे सरकवली.