पवनेला तडकलेल्या तव्याबद्दल

नमस्कार दादा,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू काल रात्री मुलानं वाचून दाखवला. पवना धरणाच्या काठावर सगळी मंडळी भुकेली आणि आमच्याकडून नेलेला १२ इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा ऐन वेळी तडकला, याचं खरंच वाईट वाटलं. माफ करा.

पण ‘निकृष्ट माल गळ्यात मारला, कसा वापरायचा तेही कोणी सांगितलं नाही’ हे फार लागलं. तवा तुम्हाला मीच दिला. देण्याआधी कानाला धरून उचलला आणि नाण्यानं वाजवून दाखवला, खणखणीत वाजला. चीर असलेला तवा बद्द वाजतो, तो आम्ही गिऱ्हाइकापुढे ठेवतच नाही.

तुम्ही टाकलेला फोटोही मोठा करून पाहिला. चिरेची कड स्वच्छ राखाडी आहे. ओतकामातली जुनी चीर असती तर आतून काळी किंवा गंजलेली दिसली असती. ही त्याच रात्रीची आहे, आणि कशी पडली ते तुम्हीच लिहिलंय: चिकन चिकटलं म्हणून बर्फाच्या डब्यातलं पाणी तापल्या तव्यावर ओतलं. दादा, बीड ठिसूळ असतं. वरची बाजू एकदम आकसते, खालची निखाऱ्यावर तापलेलीच राहते, मग बिडाचा तवा कितीही महागाचा असू दे, तडकू शकतो. ‘गरम असेपर्यंत पाण्याचा थेंब लावू नका’ हे बिल करताना मी दोनदा म्हणाले होते. तुम्ही फोनवर बोलत होतात, मान हलवलीत. मला वाटलं, ऐकलंत.

१०५० रुपयांना लुटलं, असंही लिहिलंत. तुम्ही नॉनस्टिक मागत होतात, ते देऊन मी मोकळी झाले असते. शेकोटीच्या जाळावर त्याचा लेप टिकत नाही आणि प्लास्टिकची मूठ वितळते, म्हणून नाही दिलं. गाडी तंबूपर्यंत जाते का, हेही विचारलं होतं. पाठीवर न्यायचा असता तर पत्र्याचा लोखंडी तवाच दिला असता. तो हलका, आपटला तरी पोचा येईल पण फुटणार नाही.

चिकटण्याचं म्हणाल तर ज्वाळेवर तवा ठेवायचाच नाही, मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. लाकडं जळून निखारे झाले की तीन दगडांवर सपाट बसवा, हळूहळू तापू द्या, मग तेल. तुकडा खालून खरपूस झाला की आपसूक सुटतो. आधी ओढला तर चिकटणारच.

दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. हल्ली सुट्ट्यांत कॅम्पिंगला जाणारी मुलंच जास्त येतात आणि ती आधी फोनवर तारे बघतात. त्या एका ताऱ्यानं मला रात्रभर झोप नाही.

यापुढे तव्याबरोबर लिहिलेली चिठ्ठी द्यायचं मनात आहे, बघते कसं जमतंय. तडकलेला तवा घेऊन या, नव्यात काहीतरी कमी करून देईन. शक्यतो दुपारी या, संध्याकाळी गर्दीत नीट बोलणं होत नाही.