सोरायसिस आणि ‘रक्तशुद्धी’: फिरत्या मेसेजमधलं खरं-खोटं

‘सोरायसिस हा त्वचेचा आजारच नाही. रक्त अशुद्ध झालं की शरीर ते विष कातडीवाटे बाहेर टाकतं. मलम लावून दाबलंत तर रोग आत शिरून सांधे धरतो. ४० दिवस रक्तशुद्धी करा, मुळापासून जाईल.’ हा मेसेज बराच फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून पुढची तीन सहज गळी उतरतात.

आधी ते विष. कुठलं, हे मेसेज सांगत नाही. टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. त्यांच्या बिघाडातून सोरायसिस होत नाही. बिघाड प्रतिकारशक्तीत असतो. टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, नको तेव्हा चेतवल्या जातात, इंटरल्युकिन-१७ आणि टीएनएफसारखी दाह वाढवणारी प्रथिनं वाढतात आणि कातडीच्या पेशी भराभर तयार होऊ लागतात. एरवी खालच्या थरातली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात हेच काही दिवसांत उरकतं, आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचा चंदेरी पापुद्रा साचतो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन काही सोरायसिसच्या रुग्णांना दिल्यावर त्यांचे चट्टे विरले, हे १९७९ साली नोंदवलं गेलं. ते औषध रक्त धूत नाही, टी पेशींना आवरतं. सोरायसिस असलेल्या दात्याची अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा गर) घेतल्यावर रुग्णाला हा आजार झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे ‘रक्तात आहे’ म्हणणारे हट्टालाच पेटले तर एवढं मान्य करू: पेशी आहेत, घाण नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा, पण तेवढ्याने भागत नाही. एकसारख्या जुळ्यांतही कधी एकालाच होतो. घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग, कातडीला झालेली जखम, लिथियमसारखी औषधं, धूम्रपान यांनी तो उफाळतो. स्पर्शाने मात्र पसरत नाही.

सांध्यांचा मुद्दा जास्त घातक, कारण त्यामागचं निरीक्षण खरं आहे. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना पुढे संधिवात होतो. बहुतेकांत चट्टे आधी आणि सांधे काही वर्षांनी, त्यामुळे मधल्या काळात लावलेल्या मलमावर आळ येतो. पण काहींचे सांधे आधी सुजतात आणि चट्टे नंतर उठतात. तिथे कुठल्या मलमाने काय दाबलं? दोन्हींमागे दाह एकच. सकाळी सांधे आखडणं, एखादं अख्खं बोट सुजणं, नखांवर खळगे पडणं दिसलं तर संधिवाततज्ज्ञांकडे लवकर जावं. उशीर झाला तर झीज भरून येत नाही.

आता ४० दिवस. हा आजार आपोआप चढतो-उतरतो, आणि माणूस नवा उपाय धरतो तो बहुधा त्रास टिपेला असताना. पुढच्या उताराचं श्रेय मग रक्तशुद्धीच्या पुडीला. घशाच्या संसर्गानंतर उठणारे थेंबासारखे चट्टे तर पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत आपणहून जातात. शिवाय लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. ते पोटात जाऊन अचानक थांबलं, की अंगभर लाली किंवा पूभरले फोड येऊ शकतात; वेळप्रसंगी जिवावर बेततं. कायमचा बरा करणारा उपाय आज नाही. प्रतिकारशक्तीला आवरणारं मेथोट्रेक्सेट, प्रकाशोपचार, दाहाची ठरावीक प्रथिनं अडवणारी जैविक औषधं यांनी कातडी वर्षानुवर्षं जवळजवळ स्वच्छ ठेवता येते, हे मेसेजमध्ये येत नाही.

मलमाबद्दलची भीती एका बाबतीत रास्त आहे. तीव्र स्टेरॉइड मलम मनानेच महिनोन्‌महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, म्हणून ते किती आणि किती दिवस लावायचं हे डॉक्टरांनी ठरवावं.