क्वालालंपूर विमानतळावरच्या मुक्कामाला तुम्ही दिलेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. संभाजीनगरहून मुंबई, तिथून क्वालालंपूरमार्गे बाली, तुम्ही दोघं, सोबत सासूबाई आणि दोन लेकरं, आणि मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर आमच्या ट्रॅव्हल ऑफिसने बुक केलेल्या हॉटेलात एक मुक्काम. तुमच्या तक्रारी अशा: ‘विमानतळावरचं हॉटेल’ असूनही इमिग्रेशनची, म्हणजे देशात शिरतानाच्या पासपोर्ट तपासणीची, रांग लावावी लागली, सगळ्या बॅगा ओढत टर्मिनल बदलावं लागलं, सकाळी आठला पोचूनही खोली दुपारी तीनला मिळाली, काउंटरवर वरचे पैसे मागितले, नाश्त्याचे पैसे भरून नाश्ता मिळाला नाही, खोलीत ओल होती आणि धाकट्याला सर्दी झाली. परतीच्या वाटेवर पुन्हा हेच विमानतळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विमानतळावरची हॉटेलं दोन जातींची असतात. काही इमिग्रेशनच्या आत असतात, म्हणजे त्या देशात न शिरता ट्रान्झिटमध्येच झोपायचं. काही इमिग्रेशनच्या बाहेर, टर्मिनलला जोडून. दोघांनाही जाहिरातीत ‘एअरपोर्ट हॉटेल’च म्हणतात आणि गोंधळ तिथेच होतो. आतल्या हॉटेलात राहायचं तर बॅगेला मुंबईतच शेवटच्या ठिकाणापर्यंतचा टॅग लागलेला हवा आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास हातात हवा. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, दोन्ही विमानं असली की हे सहज होतं. तुमची तिकिटं तुम्ही अ‍ॅपवरून काढली होती, आणि ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळे पीएनआर. अशा वेळी पहिली कंपनी बॅग क्वालालंपूरलाच उतरवते. ती पट्ट्यावरून उचलायची तर इमिग्रेशन ओलांडावंच लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही.

मलेशियात हे जमलं, कारण भारतीय पासपोर्टला तिथे १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. हीच दोन सुटी तिकिटं सिंगापूरमार्गे असती आणि सिंगापूरचा व्हिसा काढलेला नसता, तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडकण्याची पाळी आली असती. स्वस्त तिकीट शोधताना हा भाग अ‍ॅप ठळकपणे दाखवत नाही. म्हणून तिकीट पक्कं करण्याआधी पीएनआर एक आहे की दोन, एवढं तरी आम्हाला फोन करून विचारा. तिकीट आमच्याकडून काढलं नाही तरी चालेल.

हॉटेल टर्मिनल २ शेजारचं निवडलं, कारण तुमचं बालीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथूनच होतं. तुम्ही उतरलात टर्मिनल १ ला. दोन्हींमध्ये रेल्वेने तीनेक मिनिटांचं अंतर आहे, तिकीट माणशी २ रिंगिट (मलेशियाचं चलन). टर्मिनल १ जवळचं हॉटेल घेतलं असतं तर हाच बदल पहाटे चारला, झोपलेली लेकरं खांद्यावर घेऊन करावा लागला असता. भर सकाळी ट्रॉली घेऊन केलेला बदल त्यापेक्षा कितीतरी सोपा, असं आमचं आजही ठाम मत आहे.

आता खोलीचं. यातला त्रास खरा आहे आणि सासूबाईंचे पाय सुजले हे वाचून वाईट वाटलं. हॉटेलची रात्र दुपारी दोन-तीनला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपते. मुंबईहून मध्यरात्री सुटणारं विमान पाच तासांचं. क्वालालंपूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाचच असतात. त्याआधी संभाजीनगर ते मुंबई हा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा गाडीचा प्रवास, मग विमानाआधी तीन तास विमानतळावर. आदल्या दुपारपासून पाठ टेकलेली नसते. ‘अर्ली चेक-इन’ची विनंती बुकिंगमध्ये लिहिता येते, आपण लिहिलीही होती, पण खोली रिकामी असेल तरच हॉटेल ती देतं. खात्रीचा मार्ग एकच: आदल्या रात्रीचंही भाडं भरायचं आणि बुकिंगमध्ये ‘सकाळी ८ ला पोचणार’ असं स्पष्ट लिहून घ्यायचं, नाहीतर पाहुणे रात्री आले नाहीत म्हणून हॉटेल बुकिंग रद्द करू शकतं. हा पर्याय तुमच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत होता. खर्च वाढतो म्हणून बरीच कुटुंबं तो घेत नाहीत. सत्तरीच्या पुढचं माणूस किंवा दोन वर्षांखालचं लेकरू सोबत असेल तर मात्र घ्याच.

काउंटरवर मागितलेल्या पैशांमध्ये दोन गोष्टी होत्या. पहिली टुरिझम टॅक्स: परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीला दर रात्री १० रिंगिट. हा २०१७ पासून आहे आणि ऑनलाइन भाड्यात बहुतेक वेळा धरलेला नसतो. तुमच्या दोन खोल्या, म्हणून २० रिंगिट. दुसरी म्हणजे अनामत, जी खोली सोडताना परत मिळते. ती रोख दिली तर लगेच हातात येते. डेबिट कार्डावर दिली तर खात्यात परतायला काही दिवस लागतात, तुमची तशीच अडकलेली दिसते. हॉटेलची पावती जपून ठेवा आणि आम्हाला फोटो पाठवा, पाठपुरावा आम्ही करतो. पाच जण दोन खोल्यांत का, असंही तुम्ही विचारलंय. एका खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा हॉटेल ठरवतं आणि थोरल्याचं वय १२ च्या पुढे असल्याने त्याला प्रौढ धरलं जातं. आतून दार असलेल्या दोन खोल्या हव्या असतील तर ‘कनेक्टिंग’ मागायच्या. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे फक्त शेजारी-शेजारी.

नाश्ता सहाला सुरू होतो आणि तुम्ही साडेचारला निघालात. अशा वेळी आदल्या रात्री रिसेप्शनला सांगितलं की बरीच हॉटेलं पार्सल नाश्ता बांधून देतात. पण शाकाहारी माणसाने त्या डब्याबद्दल आधी विचारावं. मलेशियाचा नेहमीचा नाश्ता म्हणजे नारळाच्या दुधातला भात, नासि लेमाक. दिसायला साधा भात, पण त्याबरोबरच्या लाल चटणीत, सांबालमध्ये, बहुधा सुक्या कोळंबीची पेस्ट, म्हणजे बेलाचान, असते आणि वर तळलेली सुकी मासळी. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘मासे, कोळंबी, बेलाचान काहीच नको’ असं सांगायचं. पातळ डाळीबरोबर मिळणारी रोटी चनाय सासूबाईंना चालेल, फक्त डाळीत मटण घातलेलं नाही ना, हे विचारा. दालचा नावाच्या प्रकारात ते असतं. घरच्या दशम्या-धपाटे नेत असाल तर गरम असताना डब्यात भरू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन दिवस टिकणारा धपाटा तिथे घाम सुटून दुसऱ्या दिवशी बुरसतो. खोलीतली किटली पाणी उकळायलाच वापरा. त्यात दूध तापवलं की तळाला करपतं आणि हॉटेल भरपाई मागतं.

ओलीबद्दल. खोली गळत नव्हती, तुम्ही पाठवलेल्या फोटोंत काचेवर आणि फरशीवर दिसतं ते हवेतलं पाणी आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असते, तेव्हा हवेतलं पाणी सुटायला पृष्ठभाग १३ अंशांपर्यंत गार व्हावा लागतो. म्हणून एसी लावून खिडकी उघडी राहिली तरी आपल्या भिंती कोरड्याच. क्वालालंपूर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर. तिथे ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला २६ अंशांच्या कोणत्याही वस्तूवर थेंब धरतात. एसी १८ वर, बाल्कनीचं दार उघडं आणि आत वाळत घातलेले ओले टॉवेल, एवढं झालं की तासाभरात फरशी निसरडी होते. दार पूर्ण बंद, एसी २४-२५ वर, टॉवेल बाथरूममध्ये आणि तिथला एक्झॉस्ट चालू ठेवायचा. कपडे धुतले तर रात्रीत वाळतील या भरवशावर राहू नका. कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळले तर थोडी आशा असते. लेकराच्या सर्दीचं नेमकं कारण डॉक्टरच सांगतील, पण घामाने भिजलेला शर्ट बदलल्याशिवाय त्याला गार खोलीत झोपवू नका.

आता मोबाइल चार्जिंगचं. मलेशियात तीन चपट्या पिनांचं सॉकेट असतं, आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. एक अ‍ॅडाप्टर आणि इथला एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळ्या घराचे मोबाइल चार्ज होतात. त्यावर इस्त्री किंवा हीटर लावू नका.

आता परतीचं. बालीहून तुम्ही दुपारी दोनला टर्मिनल २ ला उतरता, मुंबईचं विमान रात्री साडेनऊला टर्मिनल १ वरून. पुन्हा दोन पीएनआर, म्हणजे पुन्हा इमिग्रेशन आणि पुन्हा बॅगा. इमिग्रेशन आणि सामानात दीड तास धरा आणि साडेसहापर्यंत मुंबईच्या काउंटरवर पोचा. मधे तीनेक तास उरतात. पूर्ण रात्रीचं भाडं भरू नका, तासांवर मिळणारी खोली घ्या. कॅप्सूल, म्हणजे फक्त झोपण्यापुरता खण, स्वस्त पडते, पण चढायला शिडी आणि न्हाणीघर सामाईक, सासूबाईंना ती नको. बॅगा सोबत वागवायच्या नसतील तर टर्मिनलवर सामान ठेवण्याचं काउंटर आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. जाताना भरलेलं मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड परतीला चालत नाही. प्रत्येक प्रवेशाला नवं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, पाचही जणांचं वेगवेगळं, लेकरांचंसुद्धा. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा. मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत पानाची लिंक आणि पाचही पासपोर्टची माहिती भरायच्या क्रमाने लिहून तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे. फॉर्म भरताना कुठे अडलं तर रात्री-अपरात्रीही फोन करा, उचलू.