खुलासा : खाऱ्या टाकीचे दगड नळाखाली धुवू नका

सांगलीत मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘समुद्री शेवाळाची टाकी बदलताना जुने दगड आणि वाळू नळाच्या पाण्याने चोळून धुवा, नव्या टाकीत घरचं मीठ घाला. शेवाळ कसंही जगतं.’ कृपया असं करू नका.

टाकीतल्या घाणीचा अमोनिया, नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात; ते दगडांवर आणि वाळूत चिकटलेले असतात. नळाचं गोडं, क्लोरीनयुक्त पाणी त्यांना मारतं. नव्या टाकीत अमोनिया वाढतो, आणि किटनं तपासलं की तो दिसतो. म्हणून जुनं खारं पाणी बादलीत काढून त्यातच दगड हलकेच विसळायचे. वाळूचा खालचा थर गाळ सोडतो, तीही त्याच पाण्यात धुवायची. कोरी, नवी वाळू मात्र नळाखाली धुतली तरी चालते.

घरच्या मिठात जवळपास फक्त सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या क्षारांत त्याचा वाटा सुमारे 85 टक्के. उरलेलं मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम शेवाळाला लागतंच. मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठच वापरा, आणि दोन्ही टाक्यांची घनता सारखी, 1.025च्या आसपास ठेवा.

कॉलर्पा या समुद्री शेवाळाला तर जास्तच जपा. तिची अख्खी वेल म्हणजे एकच पेशी. धक्का बसला की कधीकधी ती एका रात्रीत पांढरी, पारदर्शक होते आणि पाणी हिरवट गढूळ करते.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका. कुणी दगड धुऊन बसलं असेल, तर त्यांनी आजच अमोनिया तपासावा.