काका, मुंबईला जाऊन बंदरही बघायचं असते

काका, तुमची कमेंट नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की मुंबईवरच्या माझ्या लेखात जुहू नाही, हिरोंचे बंगले नाहीत, नुसतं बंदर, बोट आणि भरती-ओहोटी आहे, नागपूरहून दोन दिवसांसाठी म्हातारे न लेकरं घेऊन जाणाऱ्याला याचा काय उपयोग, त्यापेक्षा सरळ गाडी करावी आणि सगळे पॉइंट उरकावे. बाकीच्यांच्याही मनात हेच असेल म्हणून इथेच सविस्तर लिहून राहिली.

आधी गाडीचं. दोन दिवसांत जुहू ते गेटवे गाडीने करायचं म्हणजे अर्धा दिवस सिग्नलवर जाते, आणि फोर्टात पोचल्यावर पार्किंग शोधण्यात उरलेला. आपल्याकडच्यासारखा ऑटो तिकडे भेटत नाही, ऑटो वांद्रे-सायनच्या उत्तरेलाच, त्याच्या खाली काळी-पिवळी टॅक्सी, तिचं दीड किलोमीटरचं किमान भाडं ३१ रुपये, चौघं बसले तर काहीच नाही. आणि ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत चालू झाली, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत, एसी आहे, लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी टॅक्सीपेक्षाही बरी.

राहायचं म्हणाल तर फोर्ट-कुलाबा महाग आहे हे तुमचं खरं, आणि आपल्यातले निम्मे लोक डोंबिवली-ठाण्याच्या नातेवाइकांकडेच उतरतात हेही मला माहीत आहे. पण लोकलची गर्दी सकाळी दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उलटी, त्यामुळे डोंबिवलीहून सकाळी नऊला आईबाबांना घेऊन निघणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे हो. म्हणून मी म्हणते, विदर्भ किंवा दुरांतो एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथेच क्लोकरूममध्ये सामान टाका (बॅगांना कुलूप लावून ठेवा), तो अख्खा दिवस दक्षिण मुंबईत घालवा आणि रात्री नऊनंतर आरामात डोंबिवली गाठा. दुसऱ्या दिवशी अकरानंतर निघा, परतीची गाडी पुन्हा सीएसएमटीहूनच आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो (रुळांच्या कामासाठी काही लोकल बंद ठेवतात), तेवढा आदल्या दिवशी बघून घ्या.

आता बंदर, कारण तुमचा खरा राग त्याच्यावर आहे. मुंबईला दोन बाजूंनी दोन वेगळं पाणी आहे. मरीन ड्राइव्ह, जुहू हा पश्चिमेचा उघडा समुद्र, तिथे संध्याकाळी जावं. बंदर पूर्वेला, गेटवेच्या बाजूला, तिथलं पाणी शांत, दूरवर जहाजं नांगर टाकून उभी असतात, आणि सकाळचं ऊन पाण्यावरून सरळ गेटवेवर न ताज हॉटेलवर येते. बहुतेक लोक दुपारी दोनला तिथे पोचतात, घामाघूम होऊन फोटो काढतात आणि निघतात. रेल्वेतून उतरल्या उतरल्या सकाळीच जा, मग बघा.

आणि हे बंदर परक्याचं नाही. १८६७ ला रेल्वे नागपूरला आली तेव्हापासून आपल्या वऱ्हाडाचा, हिंगणघाटचा कापूस याच बंदराकडे जात होता, हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आजही आहे. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७ ला आपल्या इथे एम्प्रेस मिल सुरू केली त्यांनीच १९०३ मध्ये ताज उघडलं, तेव्हा समोर गेटवे नव्हतंच, ते १९२४ ला पूर्ण झालं. लेकरांना हे तिथे उभं राहून सांगा, पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहते. घारापुरीच्या (म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाच्या) बोटीतून पलीकडे न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात, नागपूरहून रेल्वेने निघालेले कंटेनर तिथेच चढतात.

घारापुरी सोमवारी बंद असते. बोटीला एका बाजूने तासभर लागतो. गेटवेला बोटी एकीला एक खेटून बांधतात, कधी एक बोट ओलांडून दुसरीत जावं लागते, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, तेव्हा आजीचा हात धरायला एक माणूस मोकळा ठेवा, त्याच्या हातात पिशवी नको. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला झालेल्या अपघातात किती जीव गेले ते विसरू नका. वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, डोली भेटते. पण ज्यांना चढवत नाही त्यांनी ओढूनताणून जाऊ नये, गेटवेहूनच अर्ध्या तासाची चक्कर मारणाऱ्या बोटी आहेत, तेवढ्यातही बंदर दिसते.

भरती-ओहोटीला तुम्ही "फालतू माहिती" म्हणालात ते मात्र मला मान्य नाही. वांद्र्याच्या खडकांवर सेल्फीसाठी उतरलेली पोरं पाणी चढल्यावर अडकतात, वाहून जातात, आणि आपण तर बिनसमुद्राच्या गावचे, पाणी कधी चढेल हे आपल्याला बघून कळत नाही. हाजी अलीची वाटही मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. कोकणातला साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, पहाटेही आणि दुपारीही, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. तासभर इकडेतिकडे होते, म्हणून पक्की वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्यातच पाहा, पण घरून निघताना कॅलेंडर बघून अंदाज नक्की येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास पाणी सगळ्यात वर असते, खडकांकडे लेकरांना फिरकू देऊ नका. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही.

जुहूला जायचंच असेल तर जा, पण ओहोटीच्या संध्याकाळी, वाळू मोकळी भेटते. राणीची बाग न पेंग्विन लेकरांना आवडतील, फक्त बुधवार टाळा.

तुमच्या जायच्या तारखा कमेंटमध्ये टाका काका, कोणत्या दिवशी बोट आणि कोणत्या दिवशी चौपाटी ते तिथी बघून लिहून देते.