ऊन पडलं म्हणजे उतार सुरक्षित झाला असं नाही

गुलमर्गवरचा लेख आवडला, पण ‘बर्फ पडायचा थांबून ऊन पडलं की धोका टळतो’ हे वाक्य कृपया बदला. हिमस्खलनाला नुसता ताजा बर्फ कारणीभूत नसतो. हंगामाच्या सुरुवातीला पडलेल्या पातळ थरात कडाक्याच्या थंडीने साखरेसारखे मोठे, सुटे कण तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर वाऱ्याने लोटलेल्या बर्फाचा घट्ट थर बसतो. वरून सगळं छान टणक दिसतं. मग ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका स्कीअरच्या वजनाने खालचा थर ढासळतो आणि वरचा अख्खा तडकून निसटतो. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला किंवा बर्फात चिरा पळताना दिसल्या, तर तिथूनच मागे फिरा.

गुलमर्गच्या अफरवाट शिखरावर गोंडोलाने (केबल कारने) पोचणं सोपं झालंय, म्हणूनच जास्त काळजी वाटते. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. बाहेरची मदत तोवर सहसा पोचत नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस कुठे आहे हे रेडिओ संकेतांनी दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, शिवाय सराव हवा. पुण्या-मुंबईहून ग्रुप नेणाऱ्यांना पैसे भरायच्या आधी हे विचाराच.